तिच्या बाजूचा स्पीकर

१

पानाशेठना गप्प बसता येत नसे. याला खोड म्हणावं, तर त्याच खोडीवर त्यांचं दुकान उभं होतं. मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग विकायचे म्हणजे गिऱ्हाइकाला फार विचार करू द्यायचा नसतो. कोणी बाजूचा आरसा हातात घेऊन उलटसुलट बघायला लागला, की पानाशेठ त्या आरशाची कुळकथा सांगायला घेत. हा आरसा एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा. बाई कधी मागे बघतच नसत, म्हणून काच इतकी कोरी राहिली आणि म्हणूनच गाडी मोडीत निघाली. गिऱ्हाईक हसे आणि हसता हसता पाकिटात हात घाली. त्यांची शाळा सातवीत सुटली होती. पुढचं सगळं शिक्षण नट-बोल्ट उघडून झालं. सुरुवातीला भांडवल म्हणून एक पाना होता, तोच नावाला चिकटला.

"तुमच्या तोंडाला ब्रेकच नाही," बायको म्हणायची. "नुसता एक्सिलरेटर."

ती स्वतःही काही कमी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टराच्या परसात पानाशेठना कापडी टपाची एक जुनी गाडी सापडली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ती ओढून घरी आणली तेव्हा बायकोनं कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, ही गाडी आहे की झाकण हरवलेला डबा? आणि पुढच्याच आठवड्यात त्या डब्यात, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, ती कायमची मालकीण होऊन बसली. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी चारच्या सुमाराला टप मागे टाकायचा आणि तलावापर्यंत जाऊन यायचं, हा नेम पडला. टप उघडा म्हणजे वारा. वाऱ्यावर मात करायला गाणी मोठ्यानं लावायची, गाण्यांवर मात करायला बायको मोठ्यानं बोलायची. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या बसमधली माणसं माना वळवून दोघांचं भांडण पुरतं ऐकून घेत.

आठ महिन्यांपूर्वी त्याच रस्त्यावर, त्याच सीटवर तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात दोन महिन्यांत सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. तिला सगळं समजे. ती कपड्यांच्या घड्या घाली, पत्त्यांत नवऱ्याला हरवी, न पटलेल्या गोष्टीवर डोळे वटारी. 'हो' म्हणायला नुसतं 'हं' करी. एवढाच आवाज उरला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गळा ठणठणीत आहे, डोक्यातून जिभेकडे येणारा रस्ता खचलाय. पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल. त्यानंतर फार आशा धरू नका.

म्हणजे चार महिने उरले होते.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना घरात सगळे शब्दबाई म्हणत. त्यांनीच एकदा जाता जाता सांगितलं, की बोलता न येणाऱ्या माणसाला कधीकधी गाता येतं. जिथं तिला गायची सवय होती, तिथं गाणी लावून बघा.

पानाशेठ दुसऱ्या दिवशी गाडीवरची ताडपत्री काढायला गेले. गाणं लावलं, तर आतून वाळलेली पानं चुरगाळल्यासारखा आवाज आला. स्पीकर फाटले होते.

२

टपाच्या गाडीत स्पीकर लवकर मरतात. ऊन खातात, पाणी पितात आणि वाऱ्याशी भांडण्यात त्यांचा घसा बसतो. पानाशेठनी दाराचं आतलं कातडी आवरण उचकटलं तेव्हा कागदी पडद्याच्या कडेची फोमचा गोट शिळ्या बिस्किटासारखा बोटांत भुगा झाला.

नवी जोडी घ्यायची तर बाजारात मिळणारे स्पीकर खोल होते. त्यांचं चुंबक आत खाली येणाऱ्या काचेला आडवं आलं असतं. नेमक्या मापाचे मागवायचे तर दुकानदारानं सांगितलेला आकडा ऐकून पानाशेठनी त्याच्याकडेच प्यायला पाणी मागितलं. ज्याच्या स्वतःच्या गोदामात चाळीस गाड्यांची आतडी पडली आहेत, त्यानं नवं का घ्यावं? त्यांनी अपघातात सापडलेल्या एका गाडीच्या मागच्या फळीतली उथळ जोडी शोधून काढली, प्लायवूडच्या दोन कड्या कापल्या, आणि बसवण्याआधी जुन्या तारांतली कुठली अधिक नि कुठली उणे ते ठरवायला बसले.

ही परीक्षा सोपी असते. स्पीकरच्या दोन टोकांना बॅटरीचा साधा सेल टेकवायचा. पडदा 'टक' करून बाहेर आला तर तार बरोबर. आत गेला तर उलटी. सेल काढला की पडदा आपल्या जागी बसतो.

ड्रायव्हरच्या बाजूचा जुना स्पीकर टक करून बाहेर आला, सेल काढल्यावर परत बसला. मग तिच्या बाजूचा. टेकवला, टक, पडदा बाहेर. सेल काढला.

पडदा बाहेरच राहिला.

पानाशेठ सेल हातात धरून बघत राहिले. फाटका, सुरकुतलेला कागद पुढे फुगून थांबला होता. बाहेर टायरवाला हातोडी मारत होता, तिचे ठोके त्यांनी नकळत मोजले. सातव्या ठोक्यानंतर पडदा हळूहळू मागे गेला. धरून ठेवलेलं काहीतरी सोडून द्यावं, तसा.

"ओल धरली असणार," ते स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले.

३

ओल असेल, गोंद असेल, चुंबकात गंज असेल. पानाशेठना कारणं शोधायची सवय होती. गाडी आवाज करते तेव्हा कारण असतंच. ते सापडेपर्यंत माणूस घाबरतो, सापडलं की हसतो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत रडल्यासारखा आवाज येई म्हणून त्यानं ती विकायला काढली होती, आणि पानाशेठनी बॉनेटखालून मांजराचं पिल्लू काढून दिलं होतं.

म्हणून त्यांनी तो स्पीकर शेडमधल्या बाकावर उन्हात ठेवला. दुपारभर वाळवला. तारा मुळापासून कापून टाकल्या. संध्याकाळी तो मांडीवर घेऊन कडेचा भुगा ब्रशनं झाडू लागले, आणि ब्रश थांबला त्या क्षणी पडद्यातून श्वास आला.

फक्त श्वास. आत घेतलेला, जरासा अडखळलेला. चौतीस वर्षं एका बाईबरोबर काढली की तिच्या शब्दाआधीचा श्वास ओळखता येतो. चिडून घेतलेला निराळा, हाक मारायचा निराळा. हा 'अहो' म्हणण्याआधीचा होता.

"कोण?" पानाशेठ म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आपलंच हसू आलं. पडदा निपचित पडला होता.

घरात बायको मुलीबरोबर शेंगा सोलत होती. तिच्याकडे बघून ते उंबऱ्यावरच थांबले, कारण त्या श्वासानं एक गोष्ट वर आणली होती. ती त्यांनी आठ महिने कोणालाच सांगितली नव्हती.

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, की गाणं चालू असताना ती अचानक बोलायची थांबली. खोटं नव्हतं ते. पण त्याआधी ती काहीतरी सांगायला लागली होती. "अहो, ऐका ना," एवढं त्यांना ऐकू आलं होतं. दुकानाच्या कुलपावरून सकाळी झालेलं भांडण ती पुन्हा उकरतेय, असं त्यांना वाटलं. त्यांनी समोर बघत हात पुढे केला आणि आवाजाचं बटण फिरवलं. गाणं मोठं केलं. नेहमीचीच चेष्टा होती ती. एरवी ती त्यांच्या हातावर चापट मारी.

त्या दिवशी चापट पडली नाही. गाणं संपल्यावर त्यांनी वळून बघितलं, तर ती त्यांच्याकडेच बघत होती.

काय सांगत होती, ते त्यांना आजही माहीत नव्हतं.

४

डागमास्तर पानाशेठचा जुना दोस्त. रेडिओ दुरुस्त करी आणि तारांना डाग द्यायची सळई कानामागे लावून हिंडे. त्यानं स्पीकर बघितला आणि विचारलं, की हा पुरायचाय की जाळायचाय, एवढंच सांगा.

पानाशेठनी फार फोड न करता विचारलं, तार कापलेला स्पीकर आवाज काढू शकतो का?

"काढू नाही शकत. ऐकू शकतो," डागमास्तर म्हणाला. "स्पीकर आणि माइक, आतून दोघं सख्खे भाऊ. एकाला वीज दिली की पडदा हलतो, दुसऱ्याचा पडदा हलला की वीज होते. उलटं जोडलं की हा बोलायचं सोडून ऐकायला लागतो. तुम्हाला हे जमणार नाही, शेठ, पण त्याला जमतं."

खात्री पटवायला त्यानं एका टेपरेकॉर्डरला नेहमीचा एक स्पीकर जोडला आणि त्यावर तोंड नेऊन शिट्टी वाजवली. मीटरचा काटा उडाला. शिट्टी थांबली, काटा पडला. मग त्यानं पानाशेठचा स्पीकर जोडला.

दोघं बोलत होते तोवर काटा शून्यावर होता. डागमास्तर म्हणाला, मेलाय हा, आणि सळई घ्यायला वळला. दुकानात क्षणभर कोणी बोललं नाही.

काटा हलला. थोडा वर आला, थांबला, खाली गेला. पुन्हा वर आला.

"पंख्याचा वारा लागतोय," पानाशेठ म्हणाले. काटा शून्यावर.

डागमास्तरनं पंखा बंद केला. रस्त्याकडचं शटर खाली ओढलं. ओठांवर बोट ठेवलं. काटा पुन्हा उठला, थांबला, पडला. डागमास्तर मुद्दाम खोकला. काटा मेला. गप्प बसला, काटा उठला. असं त्यानं चारदा केलं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं थोडं कमी झालं. शेवटी त्यानं हेडफोन कानाला लावले. अर्धं मिनिट ऐकून ते काढले आणि वायर नीट गुंडाळत बसला.

"काय आहे?"

"वारा आहे," तो म्हणाला. "उघड्या गाडीतला. आणि…" त्यानं वायर पुन्हा उलगडली. "आपण बोललो की थांबतं, शेठ. माणूस कसा, समोरच्याचं संपायची वाट बघतो, तसं."

पानाशेठनी खिशात हात घातला, तर त्यानं मान हलवली. स्पीकर वर्तमानपत्रात बांधून दिला आणि घरात ठेवू नका, एवढं म्हणाला.

५

नवी म्हणायची ती जोडी दारांत छान बसली. प्लायवूडच्या कडीमुळे चुंबक काचेपासून बोटभर लांब राहिलं. पानाशेठनी दाराच्या आत डांबरी पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे पत्रा थरथरू नये. गाणं लावलं तेव्हा इतका स्वच्छ आवाज आला, की मुलगी घरातून बाहेर येऊन म्हणाली, कोणाची गाडी चोरून आणलीत?

सुट्टीच्या दिवशी तिघं निघाली. मुलगी मागे बसली. बायकोचं सगळ्यात आवडतं गाणं लागलं. तिचे ओठ हलले, मान डोलली, डोळे भरून आले. पण आवाज नाही. पानाशेठ मोठमोठ्यानं गाऊन तिला उत्तेजन देत राहिले. आधीच त्यांना सूर नाही. मुलीनं पुढे वाकून सांगितलं, "बाबा, तुम्ही दहा मिनिटं गप्प बसून दाखवलंत ना, तर मी ऑफिसात पेढे… जाऊ दे, दहा मिनिटं कशाला, दोनच."

दुसऱ्या दिवशी ते जेवायला घरी आले तर बायको घरात नव्हती. मुलगी कामावर गेलेली. परसातल्या शेडचं दार अर्धवट उघडं होतं.

खिडकीच्या काचेवर ग्रीसचे डाग होते, त्यांतून त्यांनी आत बघितलं. ती बाकासमोर स्टुलावर बसली होती. वर्तमानपत्र उलगडून, घडी घालून बाजूला ठेवलं होतं. तिनं मान किंचित कलती केली होती, शेजारीण कुंपणापलीकडून काही सांगत असावी तशी. समोर तो स्पीकर, उताणा.

पडदा वर आला. फुगला. थांबला.

पानाशेठचं लक्ष बायकोच्या पाठीकडे गेलं. पाठ हलत नव्हती. पडदा खाली गेला, तेव्हा तिची पाठ वर झाली. तिनं श्वास सोडला, पडदा फुगला. मग पुन्हा तिची पाठ थांबली. दोघांत मिळून एकच श्वास असावा आणि तो दोघं आळीपाळीनं वापरत असावेत, असं ते चाललं होतं.

"अगं!" ते ओरडले.

पडदा बसला. बायको वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बोलणं मध्येच तोडल्यावर यायची ती आठी होती. तशी आठी त्यांनी चौतीस वर्षांत हजारदा पाहिली होती.

६

त्याच दिवशी संध्याकाळी शब्दबाई आल्या. त्यांनी रोजचे प्रश्न विचारले. हा चमचा आहे का? बायकोनं होकारार्थी मान हलवली. तोंडानं सांगा. तिनं तोंड उघडलं, आणि 'हं' आलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. शब्दबाई वहीत काहीतरी लिहून हळू आवाजात मुलीला म्हणाल्या, की असं कधीकधी होतं, थोडे दिवस बघू या. पण त्यांचं पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं होतं.

पानाशेठना हिशेब कळला. एवढासा 'हं' उरला होता, तोही त्या फाटक्या कागदानं ओढून घेतला. ते तडक शेडमध्ये गेले. कारण बिरण नंतर शोधू. त्यांनी स्पीकर फरशीवर ठेवला आणि मोठी हातोडी उचलली.

बाहेर अजून उजेड होता. शेडच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्या सुरकुतलेल्या पडद्यावर पडले होते. हातोडी डोक्याच्या वर गेली, आणि खालून श्वास आला. तोच. 'अहो'च्या आधीचा.

त्यांच्या तोंडात शिवी आली होती. ती तिथंच अडकली, कारण डागमास्तरचा मीटर त्यांच्या डोळ्यांपुढे आला. आपण बोललो की थांबतं. मग आतापर्यंत आपण काय केलं? पहिल्यांदा 'ओल' म्हणालो. मग 'कोण'. मग 'पंख्याचा वारा'. मग 'अगं' म्हणून ओरडलो. आणि सगळ्याच्या आधी, गाडीत, बटण फिरवलं.

जे काही होतं ते आठ महिने श्वास घेत होतं. बोलायला सुरुवात करायची, आणि पानाशेठनी तोंड घालायचं.

किंवा असंही असेल, त्यांच्या डोक्यातला जुना व्यापारी म्हणाला, की हे फसवतंय. सौदा असाच करतात. समोरच्याला वाटलं पाहिजे की आपल्याला देतायत, आणि घ्यायचं तेव्हा सगळं घ्यायचं. उद्या तिचा श्वासही उरणार नाही. हातोडी मार.

कितीतरी वेळ त्यांना ठरवता आलं नाही. हात दुखायला लागले तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली. मारली नाही, ठेवली. आणि आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवली.

७

पुढच्या सुट्टीच्या सकाळी त्यांनी तिच्या बाजूचा नवा स्पीकर काढला आणि तो जुना, फाटका, बिनतारेचा स्पीकर होता तिथं परत बसवला. मुलीनं बघितलं आणि विचारलं, हे काय चाललंय? पानाशेठ म्हणाले, तुला दोन मिनिटं हवी होती ना, आज बघ. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मी आज येत नाही, तुम्ही दोघं जा, म्हणाली. बापाला इतकं हळू बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तलावाच्या काठावर, नेहमीच्या झाडापासून थोडं पुढे, त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. टप उघडा होता, वर निरभ्र आकाश, पाण्यावर ऊन. पलीकडच्या काठाला कोणीतरी गालिचा धूत होतं. गाणं लावलं नाही.

गप्प बसणं इतकं कष्टाचं काम असतं, हे पानाशेठना साठाव्या वर्षी कळलं. पहिल्या मिनिटाला त्यांना त्या गालिच्याबद्दल एक गोष्ट आठवली. दुसऱ्या मिनिटाला तलावाच्या पाण्याबद्दल. मग झाडाबद्दल, मग गाडीच्या त्या कोंबड्यांबद्दल, गाडी घरी आली तेव्हा ज्या तिच्यात नव्हत्याच असं ते नेहमी म्हणत आणि होत्या असं बायको म्हणे. एकेक गोष्ट दातांपर्यंत येई आणि ते ती गिळत. इंजिन गार होताना टिक टिक करत होतं. तेही थांबलं.

आणि तिच्या बाजूच्या दारातून श्वास आला.

दाराचं कातडी आवरण आतून फुगलं. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पूर्ण वळायची हिंमत झाली नाही. आवरण कोणी पलीकडून गाल टेकवावा तसं पुढे आलं, आणि तसंच राहिलं. बायकोची छाती थांबली होती. ओठ उघडे. ती श्वास घेत नव्हती. पलीकडचा गालिचा एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला. तिनं श्वास घेतला नाही. तिसऱ्यांदा. तिच्या ओठांचा रंग उतरायला लागला.

पानाशेठचं सगळं अंग ओरड, ओरड म्हणत होतं. हात सवयीनं पुढे गेला. आवाजाच्या बटणावर बोटं टेकली. एवढं फिरवलं की गाणं लागेल, हे थांबेल, ती श्वास घेईल आणि दोघं घरी जातील. उरलेली वर्षं पत्ते खेळतील.

त्यांनी बोटं मागे घेतली. मूठ मांडीवर ठेवली आणि दात दाबून ऐकत राहिले.

"अहो," दार म्हणालं.

चिरकलेला, भोकांतून फडफडणारा आवाज, मागे वारा. आठ महिन्यांपूर्वीचा वारा.

"अहो, ऐका ना. जरा माझा—"

दारातला आवाज तिथंच थांबला. आवरण सैल पडलं. आणि ते पडल्याबरोबर शेजारी, हातभर अंतरावर, बायकोनं पाण्याखालून वर आल्यासारखा मोठा श्वास ओढला. तिचा उजवा हात सीटवरून त्यांच्याकडे सरकत होता. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताठल्या, आणि तिनं एकेक अक्षर उचलून बाहेर ठेवावं तसं, उरलेलं वाक्य तिथून पुढे पुरं केलं.

"हात. धरा."

पानाशेठनी हात धरला. भांडण उकरत नव्हती ती. कुलपाचं काही नव्हतं. हाताला मुंग्या आल्या होत्या, भीती वाटली होती, म्हणून म्हणाली होती, हात धरा. एवढंच होतं. हे इतकं लहान वाक्य आठ महिने दाराच्या आत उभं होतं.

त्यांना खूप काही सांगायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. पण ते बोलले नाहीत. तिचं अजून संपलं नसेल तर?

ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "कोंबड्या. होत्या."

८

वर्ष पुरं व्हायच्या आत तिची वाक्यं चार-पाच शब्दांची झाली. शब्दबाई म्हणाल्या, गाण्याचा गुण आला. पानाशेठ हो म्हणाले. तो जुना स्पीकर त्यांनी पुन्हा काढला आणि सेल लावून बघितला. पडदा हललासुद्धा नाही. आतली तार कधीचीच तुटलेली होती, डागमास्तर म्हणाला. वर्ष होत आलं असेल, गंज बघा. मग त्या दिवशी काटा कसा हलला, हे त्यालाही कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. तिचा आवाज परत आला तो जसाच्या तसा नाही. खालच्या पट्टीत गेला की जरा फडफडतो, कागदाची कड सुटल्यासारखा. आणि दमलेली असली की शब्दांच्या मागे बारीक वारा ऐकू येतो. मुलगी तिला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आत दिवा घालून बघितलं आणि सांगितलं, काहीही नाही, घसा अगदी कोरा आहे. पानाशेठनी आणखी चौकशी केली नाही. जुना माल आहे, चालतोय, त्याला उघडून बघायचं नसतं, एवढं या धंद्यात ते शिकले होते.

हल्ली ती दुपारी दुकानात येऊन बसते. परवा एक गिऱ्हाईक दिवा घेऊन उभं होतं आणि पानाशेठ त्या दिव्याची कुळकथा ऐन रंगात सांगत होते. मागच्या खुर्चीवरून श्वास आला. जरासा अडखळलेला, आत घेतलेला.

पानाशेठ वाक्याच्या मध्येच थांबले. रेडिओ बंद केला. गिऱ्हाइकाला हातानं थांबा म्हणाले, आणि पूर्ण वळून उभे राहिले.

"अहो," ती म्हणाली.

ते वाट बघत राहिले.